मदत हवी आहे: पडणाऱ्या उमेदवाराला मत द्यावं का? (झेडपी, रायगड किनारा)

पोफळीखालचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. धागा राजकारणाचा आहे, पण कुठल्या पक्षाला मत द्यावं हे विचारत नाहीये. संपादकांनी उडवू नये ही विनंती.

अलिबाग-मुरूड पट्ट्यातलं गाव आहे. नाव देत नाही, वाडीतले दोघे-तिघे इथे वाचतात. झेडपी आणि पंचायत समितीचे अर्ज भरून झालेत, छाननी झाली, माघारीची मुदत अजून आहे. आमच्याकडे दोन मोठे उमेदवार. कोणाचे ते सांगून उपयोग नाही, दोघांनीही मधल्या काळात एकदा तरी गमछा बदललाय. तिसऱ्या एक ताई, अपक्ष. बचत गटाचं काम करतात. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात आमच्या पोफळी आडव्या झाल्या, तेव्हा पंचनाम्यात निम्मी झाडं लागलीच नव्हती. या बाई वही घेऊन घराघरात फिरल्या, मोडलेली झाडं मोजून घेतली आणि फेरपंचनामा होईपर्यंत पाठ सोडली नाही. नळपाणी योजनेचं रखडलेलं कामही त्यांनीच धसाला लावलं.

आता गंमत बघा. गावात ज्याला विचारावं तो म्हणतो, बाई चांगल्या आहेत. पुढचं वाक्य ठरलेलं, "पण येणार नाहीत." आमचे बाबा तर सरळ म्हणतात, मत फुकट घालवू नकोस. हे स्वतः लाल बावट्याचे (शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष), अख्खी हयात खटाऱ्यावर, म्हणजे त्यांच्या चिन्हावर, शिक्का मारण्यात गेली, आणि आता मला निवडून येणारा माणूस बघायला सांगतात!

खरी अडचण पुढे आहे. दोन मोठ्यांपैकी एकाची मला मनापासून धास्ती वाटते. जमिनीच्या व्यवहारातला माणूस. तो आला तर समुद्रावर उतरायची आमची पाखाडी (दगडी पायवाट) कुणाच्या तरी बंगल्याच्या कुंपणात जाईल. दुसरा काही ग्रेट नाही, पण निदान घाबरून असतो. मी ताईंना मत दिलं आणि तो पहिला थोडक्यात आला तर?

शिवाय रविवारी देवळात वाडीची बैठक आहे. वाडी एकमुखाने ठरवणार. मी वेगळं बटण दाबलं तर कळतं का हो? आणि त्यापेक्षा सरळ नोटा (वरीलपैकी कोणीही नाही) दाबलेला बरा का?

सुपारी_बाजार

मत म्हणजे घोड्यावर लावलेला पैसा नाही. आवडल्या तर द्या की. एवढा विचार तर लोक मुलीचं लग्न जमवताना करत नाहीत.

खाडीपलीकडे

सुपारी_बाजार, तुमच्या गावात पाखाडी जाणार नसेल म्हणून सोपं वाटतंय.

धागाकर्ते, तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण देतो. २०१४ ची रायगड लोकसभा. शिवसेनेचे अनंत गीते राष्ट्रवादीच्या सुनील तटकऱ्यांपुढे किती मतांनी आले? २,११०. त्याच निवडणुकीत सुनील तटकरे नावाचेच एक अपक्ष उभे होते, त्यांना ९,८४९ मतं. नोटाला वीस हजारांच्या आसपास. आणि शेकापच्या रमेश कदमांना जवळपास १ लाख ३० हजार. आता 'फुकट' मतं नेमकी कुठली? नावाच्या घोळात पडलेली मतं फुकट गेली असं मी म्हणेन, कारण त्यातल्या बऱ्याच लोकांना द्यायचं एकाला होतं आणि गेलं दुसऱ्याला. (त्यानंतर २०१५ पासून आयोगाने लोकसभा-विधानसभेच्या मतदान यंत्रावर उमेदवारांचे फोटो लावायला सुरुवात केली.) पण शेकापच्या मतांबद्दल तसं म्हणता येत नाही. ती ज्यांनी दिली त्यांना माहीत होतं की आपला माणूस दिल्लीला जात नाही.

त्या मतांचं पुढे काय झालं तेही बघा. २०१९ ला शेकापने उमेदवार दिला नाही, तटकऱ्यांना पाठिंबा दिला. तटकरे ३१ हजारांवर मताधिक्याने आले. म्हणजे पडलेल्या उमेदवाराची मतं पाच वर्षं पक्षाच्या खात्यावर जमा होती आणि मोठ्या पक्षाला ती मागायला यावं लागलं. अर्थात सगळी वळली नाहीत, नाहीतर फरक केवढा तरी मोठा दिसला असता. लोक आपला कल बदलतात, काही घरी बसतात, काही तर ज्याला पाडायचं त्यालाच मत देऊन येतात. म्हणून "तिसरा नसता तर दुसरा आला असता" हे गणित निकालाच्या रात्री टीव्हीवर जेवढं सोपं वाटतं तेवढं ते नसतं.

मालवणी_मसालो

माका इचारशात तर जेचा काम दिसता तेकाच मत घालूचा. पडली तर पडली.

नाना_राजापूरकर

आमच्या राजापूर मतदारसंघाने नाथ पै यांना तीनदा आणि मधु दंडवते यांना पाचदा लोकसभेत पाठवलं. १९७१ ला देशभर इंदिराबाईंची लाट, १९८४ ला राजीव गांधींची. दोन्ही वेळेला दंडवते निवडून आले. कुठला मोठा पक्ष होता त्यांच्यामागे? कोकणी माणसाने तेव्हा 'येणारा कोण' असा हिशेब केला असता तर हे झालं नसतं. तरुणांनी एवढं डरपोक असू नये.

खाडीपलीकडे

नाना, दंडवत्यांबद्दल आदर आहेच, पण हे उदाहरण इथे बसत नाही. समाजवादी देशात लहान होते, राजापुरात नव्हते. तिथे लढत काँग्रेस विरुद्ध तेच अशी असायची. मतदाराला त्यांना मत देताना तिसऱ्याला देतोय असं वाटतच नव्हतं. दिल्लीत पक्ष केवढा आहे याला मतदारसंघात काही किंमत नाही, तिथल्या लढतीत तो कितवा आहे एवढंच बघायचं.

मागे राहिलेल्याने पहिलं व्हायचं उदाहरण हवं असेल तर विधानसभेचं उरण घ्या. २०१४ ला महेश बालदी भाजपकडून उभे होते, पहिल्या दोघांत नव्हते. शिवसेनेचे मनोहर भोईर आणि शेकापचे विवेक पाटील यांच्यात हजारभर मतांच्या आतला फरक. २०१९ ला जागा युतीत शिवसेनेला, बालदी अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. २०२४ ला पुन्हा तिरंगी, पुन्हा बालदी, शेकाप दुसऱ्यावर आणि भोईर तिसऱ्यावर. एका मतदारसंघात तीन निवडणुका, आणि 'तिसरा कोण' याचं उत्तर दर वेळी निराळं. पण बालदींच्या मागे संघटना होती, पैसा होता, वर ओळख होती. वही घेऊन फिरणाऱ्या ताईंना हे एका निवडणुकीत जमेल असं मी सांगणार नाही.

न्यूजर्सीचा_भाचा

इकडे हा वाद दर चार वर्षांनी असतो. २००० सालच्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत फ्लोरिडात बुश गोर यांच्यापुढे ५३७ मतांनी जिंकले आणि राल्फ नेडर या तिसऱ्या उमेदवाराला तिथे ९७ हजारांवर मतं होती. अजून लोक नेडरला शिव्या देतात. मात्र आमच्या न्यू जर्सीत नेडरला मत देणाऱ्यांना कोणी काही बोललं नाही, कारण इथे गोर आरामात येणारच होते. त्यामुळे धागाकर्त्यांनी आधी हे बघावं की त्यांच्याकडे लढत घासून आहे की एकतर्फी. एकतर्फी असेल तर ताईंना मत देऊन काहीच बिघडत नाही, उलट त्यांचा आकडा दिसतो. घासून असेल तर मात्र पाखाडीचा विचार करावाच लागेल.

पोफळीखालचा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. नाना, डरपोक म्हणालात ते लागलं, पण चालायचंच.

मागच्या वेळी अगदी थोडक्यात गेली होती जागा. एकतर्फी म्हणता येणार नाही.

तहसील_कट्टा

तुमचे दोन प्रश्न राहिलेत. आधी नोटा. लोकसभा-विधानसभेला २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नोटा आला, पण त्याला सर्वाधिक मतं पडली तरी खालचा उमेदवारच विजयी होतो. अनामत वाचवण्यासाठी वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं लागतात, त्या हिशेबातही नोटा धरत नाहीत. महाराष्ट्रातल्या महापालिका-नगरपालिकांसाठी राज्य निवडणूक आयोगाने २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये वेगळा आदेश काढला: नोटा पहिला आला तर तिथे फेरनिवडणूक. झेडपीला तो लागतो का ते विचारून घ्या. तेवढा त्याला दात आहे. पण तुमच्याकडे पसंतीचा उमेदवार असताना नोटा कशाला? ताईंचं मत तुम्हीच कमी करताय.

आता वाडीला कळतं का. तुमचं एकट्याचं मत कळत नाही. पण मोजणी यंत्रनिहाय होते आणि प्रत्येक उमेदवाराचा माणूस तिथे वही-पेन घेऊन आकडे उतरवत असतो. एका केंद्रावर तुमची वाडी आणि शेजारची, एवढेच मतदार असतील, तर कोणत्या वाडीने कुणाला किती दिली याचा अंदाज संध्याकाळपर्यंत गावभर होतो. त्यावर पाखाडीचं काम अडतं, दिवे अडतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. अनेक केंद्रांची मतं एकत्र करून मोजायचं यंत्र वापरावं, असा प्रस्ताव केंद्रीय निवडणूक आयोगाने मांडलेला आहे. तो मंजूर झालेला नाही. तोपर्यंत असं करा, बैठकीला जा, गप्प बसा, आत गेल्यावर पाहिजे ते बटण दाबा. केंद्रावर ताईंना पाच-पंधरा मतं दिसली तर ती कोणाची हे कुणाच्या बापाला सांगता येणार नाही.

एक मात्र तुम्ही लिहिलंच नाही. ताई गटात उभ्या आहेत की गणात?

पोफळीखालचा (धागाकर्ता)

गणात. पंचायत समितीला. का?

तहसील_कट्टा

का म्हणजे? सगळा धागा त्यावरच अवलंबून आहे!

झेडपीच्या एका गटात पंचायत समितीचे दोन गण. तुम्हाला बटणं दोन दाबायची आहेत, एक गटाचं, एक गणाचं. दोन्हीकडे एकाच चिन्हाला द्यावं असा काही नियम नाही. कार्यकर्ते "वर आपला, खाली आपला" असं सांगत फिरतात म्हणून लोकांना वाटतं तसं करावंच लागतं. आता सांगा, ज्याची धास्ती वाटते तो माणूस कुठे उभा आहे?

पोफळीखालचा (धागाकर्ता)

तो गटात! झेडपीला. गणात त्याच्या पॅनेलचा एक पोरगा आहे, बिचारा कोणाच्या अध्यात नाही मध्यात नाही.

खाडीपलीकडे

मग मिटलं की. गटात त्या घाबरून असणाऱ्याला द्या आणि पाखाडी वाचवा. गणात ताईंना. तिथे तुम्हाला दोन्ही मोठे सारखेच असतील तर तुमच्या मताने काही बिघडत नाही. आणि गणात मतदार गटाच्या साधारण निम्मे, तिथे दोन-तीन वाड्या खरंच एकत्र आल्या तर 'पडणारी' हा शब्दही जपून वापरावा लागेल.

माझा मात्र एक आक्षेप राहतोच. पंचायत समिती सदस्याच्या हातात फारसं काही नसतं, पैसा बहुतेक झेडपी आणि थेट ग्रामपंचायतीकडे जातो. ताई आल्याच तर त्यांची दमछाक होईल. हे त्यांनाही माहीत असावं.

नाना_राजापूरकर

दोन बटणांचं मला सुचलं नाही खरं. तरी मी दोन्हीकडे तत्त्वालाच दिलं असतं.

सुपारी_बाजार

गटात तत्त्व उभं आहे का नाना? चिन्ह काय मिळालंय त्याला?

चाकरमानी_लालबाग

मीही त्याच पट्ट्यातला, नाव गावच्याच यादीत. आमच्या मंडळासाठी एका उमेदवाराची बस येणार आहे. जेवणखाण त्याचंच. अशा वेळी गणात वेगळं दिलं तर बरं दिसेल का?

तहसील_कट्टा

मतदारांना फुकट ने-आण करणं हा लोकप्रतिनिधी कायद्यात विधानसभा-लोकसभेसाठी भ्रष्ट प्रकार धरलाय. तुमची बस त्यात धरतील की नाही हा वादाचा विषय, पण तुम्ही एसटीने गेलात तर तोही प्रश्न उरत नाही. सुट्टी मिळवा आणि आदल्या दिवशी या.

पोफळीखालचा (धागाकर्ता)

रविवारच्या बैठकीआधी ताईंना गाठतो. माघार घेणार नाहीत ना हेच आधी विचारायचंय, कारण एका बाजूचे लोक कालपासून त्यांच्या घरी बसून आहेत असं ऐकतोय. बाबांना दोन बटणांचं सांगितलं. त्यांनी विचारलं, गणात खटारा नाहीच ना या वेळेला? नाही म्हटल्यावर म्हणाले, मग बघू.