मदत हवी आहे: एकांकिकेत ध्वज जाळायचा प्रसंग आहे, केस होईल का?

तिसरी_घंटा:
मंडळी, एकांकिका बसवतोय. मोर्चाचा प्रसंग आहे आणि मोर्चातला एक जण ध्वज जाळतो. तो प्रसंग काढला तर नाटकात काही उरतच नाही. काल तालमीत दोघांनी अंग काढून घेतलं, म्हणे केस झाली तर नोकरी जाईल. प्रयोग पुढच्या शनिवारी आहे. हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसतं की नाही? कृपया हो की नाही एवढंच सांगा.

नोटरी_नव्हे_वकील:
ध्वज कुठल्या देशाचा ते लिहायचंच राहिलं की तुमचं! उत्तर त्याच्यावरच ठरणार.

गच्चीवरून:
+१. आणि खरा की कागदी?

विंगेतला:
कायद्याचं नंतर बघा. आधी सांगा, रंगमंचावर खरी आग लावणार आहात? मी वीस वर्षं विंगेत काढली आहेत. पडदे, झालरी, वायरी, सगळं पेट घेणारं. नाट्यगृहवाले काडी ओढू देणार नाहीत. खालून छोटा पंखा, वर पातळ रेशमी कापडाच्या पट्ट्या, नारिंगी दिवा. दहाव्या रांगेतल्या माणसाला शपथेवर विचारा, तो आगच म्हणेल.

तिसरी_घंटा:
अहो अमेरिकेचाच ध्वज, दुसरा कुठला? ध्वज जाळण्याच्या डॅलसच्या केसवरच नाटक आहे ना. मला वाटलं सगळ्यांना माहीत असेल.

गच्चीवरून:
आम्हाला कसं माहीत असणार? "मोर्चा" एवढंच लिहिलंय वर.

नोटरी_नव्हे_वकील:
मग सोपं आहे. आपल्याकडे १९७१ चा राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध कायदा आहे. सार्वजनिक जागी किंवा लोकांना दिसेल अशा जागी ध्वज जाळणं, फाडणं, तुडवणं यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पण तो फक्त भारतीय राष्ट्रध्वजापुरता. परक्या ध्वजाला तो लागू होत नाही. खरा की कागदी हा प्रश्न मात्र बरोबर होता, कारण त्या कायद्यात ध्वजाचं चित्र किंवा कुठल्याही पदार्थाची प्रतिकृतीसुद्धा ध्वजच धरली आहे.

सडेतोड:
वकीलसाहेब, अर्धवट सांगू नका. घटनेच्या १९(२) मध्ये "परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध" स्पष्ट लिहिलंय. अमेरिकेचा ध्वज जाळला की गेलात आत.

नोटरी_नव्हे_वकील:
१९(२) म्हणजे गुन्ह्यांची यादी नव्हे हो. कुठल्या कारणांसाठी सरकारला वाजवी निर्बंध घालणारा कायदा करता येईल, एवढंच ते कलम सांगतं. मैत्रीच्या संबंधांचा मुद्दा १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आला. आधी कायदा हवा, मग गुन्हा. डेन्मार्कमध्ये नेमकं उलटं आहे: स्वतःचा ध्वज जाळणं गुन्हा नाही, परक्या देशाच्या ध्वजाचा जाहीर अपमान मात्र गुन्हा. आपल्याकडे तसं कलम नाही. बाहेर गर्दी जमली, दगड पडले तर सार्वजनिक शांततेची कलमं लागतील, पण ती ध्वजामुळे नव्हे.

सडेतोड:
कलमं घाला चुलीत. ज्या कापडासाठी माणसं मेली ते जाळणं याला मी भाषण म्हणत नाही. तोंड दिलंय ना देवाने? बोला.

पेन्शनर_काका:
याच विषयावरून आठवलं. घरात कागदी आणि कापडी तिरंगे साठलेत, रंग उडालेले. कचऱ्यात टाकवत नाहीत. काय करावं?

गच्चीवरून:
काका, धागा कुठला, तुम्ही कुठे! पण उत्तर आहे: ध्वजसंहितेनुसार फाटका, मळका ध्वज खासगीत, मान राखून, शक्यतो जाळूनच नष्ट करायचा.

पेन्शनर_काका:
जाळून?

गच्चीवरून:
हो. अमेरिकेच्या ध्वजसंहितेतही तसंच आहे. सडेतोड, त्या डॅलसच्या केसमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नेमकं इथेच बोट ठेवलं. मान राखून जाळला तर चालतो, रागाने जाळला तर कैद. कापड तेच, काडी तीच. मग शिक्षा जाळण्याची की मनातल्या विचाराची?

सडेतोड:
हेतूवर शिक्षा सगळ्याच गुन्ह्यांत असते. चुकून धक्का लागला आणि मुद्दाम ढकललं यात फरक आहेच की. आणि निकाल किती मतांनी लागला तेही सांगा ना.

नोटरी_नव्हे_वकील:
५ विरुद्ध ४. जॉन्सन नावाच्या आंदोलकाने १९८४ मध्ये डॅलसला, रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन चालू असताना, ध्वजावर रॉकेल ओतून तो पेटवला. एक वर्ष कैद आणि २००० डॉलर दंड झाला. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. निकाल न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिला, पण सोडणाऱ्यांत स्कॅलियाही होते, पक्के परंपरावादी. आणि विरोधात मत देणाऱ्यांत स्टीव्हन्स, जे दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ध्वज जाळण्याविरुद्ध लगेच नवा कायदा केला, तो १९९० मध्ये उडाला, पुन्हा ५–४. २००६ मध्ये त्यासाठीची घटनादुरुस्ती सिनेटमध्ये एका मताने हुकली.

सडेतोड:
म्हणजे निम्मा देश माझ्याच बाजूने. शिवाय २०२५ च्या ऑगस्टमध्ये ट्रम्प यांनी ध्वज जाळण्याविरुद्ध आदेश काढलाय.

नोटरी_नव्हे_वकील:
आदेशाने निकाल पुसला जात नाही. इतर कायदे मोडले असतील तिथे कडक खटले भरा, असा त्याचा रोख आहे. असो. तिसरी_घंटा, संहितेला सेन्सॉरचं प्रमाणपत्र आहे का? आणि नाटकात अजून कुठला ध्वज येतो का?

तिसरी_घंटा:
प्रमाणपत्र आहे. ध्वज म्हणाल तर शेवटी एक छोटा प्रसंग आहे. इथला एक मुलगा ही केस अभ्यासत असतो. त्याला मित्र विचारतो, "स्वतःचा जाळशील?" तो तिरंगा हातात घेतो, काडी पेटवतो. थांबतो. अंधार. जाळत नाही तो! म्हणून लिहिलं नव्हतं.

नोटरी_नव्हे_वकील:
हे आज सांगताय? तुमचे ते दोघे यालाच घाबरले असणार. कायद्यात जाळणं, फाडणं याच्यापुढे "अन्य प्रकारे अनादर" असेही शब्द आहेत. कायदेशीर मार्गाने बदल व्हावा म्हणून केलेली टीका गुन्हा नाही असं स्पष्टीकरण आहे, पण ते टीकेला. तिरंग्याजवळ नेलेल्या पेटत्या काडीला ते लागू पडेल का, हे मी तुमच्या जागी तपासून बघायला जाणार नाही.

सडेतोड:
पहिल्यांदाच वकिलांशी सहमत.

गच्चीवरून:
पण तो मुलगा थांबतो, हाच तर आदर आहे ना!

नोटरी_नव्हे_वकील:
प्रेक्षकाला कळेल. प्रेक्षागृहातून कुणी मोबाइलवर काडी पेटते तेवढेच चार सेकंद पाठवले तर पुढच्याला कळणार नाही.

विंगेतला:
एक सांगू? केस माहीत नव्हती म्हणून आज निकाल वाचत बसलो. आंदोलक पांगल्यावर बघ्यांतल्या एका माणसाने ध्वजाचे जळके अवशेष गोळा केले आणि घराच्या मागच्या अंगणात पुरले, असं त्यात एका वाक्यात आहे. घ्या की शेवटाला! जाळणं विंगेत होऊ दे, नारिंगी उजेड आणि घोषणा फक्त. मग रिकामा रंगमंच, एक माणूस येतो, गुडघ्यावर बसून राख वेचतो. तुमच्या मुलाने ते नुसतं बघावं. ना काडी, ना तिरंगा.

सडेतोड:
या माणसाबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं.

तिसरी_घंटा:
विंगेतला, हे वाक्य मी तीनदा तरी वाचलं असेल आणि ओलांडून गेलो. त्या दोघांना फोन केला, एकजण परत येतोय. त्यालाच राख वेचणारा करतो. पण पुरायचं तर माती लागणार. ती चालेल का नाट्यगृहात?

विंगेतला:
माती नको. पुढचा प्रयोगवाला शिव्या घालेल आणि झाडून निघत नाही. कोकोपीट आणा, खाली ताडपत्री घाला. कोरडंच ठेवा, ओलं केलंत तर फळ्यांवर डाग पडतो.

पेन्शनर_काका:
माझ्या कागदी ध्वजांचं नीट कुणी सांगेल का? गच्चीवर जाळले तर "लोकांना दिसेल अशी जागा" होते का ती?