चांद्रयान-३ च्या फेऱ्यांचं गणित कुणी सांगेल का? मदत हवी आहे

मुलीला शाळेत प्रोजेक्ट आहे आणि मी पुरता अडकलोय. अपोलो ११ १६ जुलै १९६९ ला उडालं आणि १९ ला चंद्राच्या कक्षेत, पण आपलं चांद्रयान-३ १४ जुलै २०२३ ला निघून ५ ऑगस्टला पोचलं, आधी पृथ्वीभोवतीच घिरट्या. रॉकेट लहान, यानाचं इंजिन ४४० न्यूटनचं, म्हणून थोडा थोडा धक्का देत गेले इथपर्यंत कळलं. पण इंजिन पृथ्वीच्या सगळ्यात जवळ आल्यावरच का चालवायचं? तिथं तर यान आधीच सुसाट असतं ना! आणि चंद्र सेकंदाला १ किमी पळतोय तर नेम कसा धरतात? आठवीतल्या पोरीला कळेल असं सांगा प्लीज, सोमवारी सबमिशन आहे.