अंगणात बहावा लावू की ताम्हण?

प्रश्न
नमस्कार. आमचं घर जुळे सोलापुरात, दार पश्चिमेला. फाटकापासून ओट्यापर्यंत सोळा फूट जागा. तिथला गुलमोहर गेल्या मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यात मुळासकट आडवा झाला. सासऱ्यांनी लावलेला होता. मुळं बघितली तर सगळी वरवर पसरलेली, खाली गेलेलीच नाहीत. आता दुपारी तीननंतर ओट्याच्या फरशीवर पाय टेकवत नाही. थंडीत पानं झडून ऊन आत यावं, उन्हाळ्यात सावली पडावी आणि दारात फुलं असावीत, एवढीच इच्छा. माझं मन बहाव्यावर आहे. यजमान म्हणतात ताम्हण लावू, आपलं राज्यफूल आहे. जमीन काळी, मे महिन्यात भेगेत हात जातो. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड.

उत्तर १
ताई, मग ताम्हण नको. ते ओढ्याकाठचं झाड, त्याला ओल लागते. फुललं की जांभळं रूप डोळ्यांत मावत नाही, पण तुमच्या पाण्यात तग धरणं अवघड. बहावा एकदा मुळं धरली की मागत नाही काही. खड्डा तीन बाय तीन बाय तीनचा आत्ताच घ्या, उन्हात तापू द्या. भरताना काळ्या मातीत मुरूम आणि शेणखत मिसळा. मृगाचा चांगला पाऊस झाला की रोप लावा.

उत्तर २
माझ्या दारात बहावा आहे, म्हणून सांगतो. थंडीत तो हिरवाच असतो. पानं झडतात मार्चच्या सुमारास, आणि एप्रिल-मेमध्ये पिवळे घोस लटकतात तेव्हा फांद्यांवर पान जवळपास नसतं. म्हणजे तुम्हाला हवंय त्याच्या बरोबर उलटं. थंड मुलखातली झाडं थंडीपायी पानं टाकतात, आपल्याकडची पाणी वाचवायला. फुलांसाठी बहावा जरूर लावा, सावलीची आशा त्याच्याकडून धरू नका. सावलीला कडुनिंब. त्याची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये, पण लगेच तांबूस पालवी फुटते आणि मेमध्ये झाड गच्च असतं.

आणखी एक. बहाव्याच्या कोवळ्या पानांवर हिरव्या अळ्या येतात, त्यांची पुढे पिवळसर फुलपाखरं होतात. औषध मारू नका. झाड पुन्हा पालवतं, दरवर्षी बघतोय.

प्रश्नकर्ती
पानगळीच्या वेळेचा विचार डोक्यात आलाच नव्हता. दोघांचे आभार. घराची रुंदी तीस फूट आहे, तेव्हा रस्त्याकडच्या कोपऱ्यात कडुनिंब, फाटकाशेजारी बहावा. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवून दोघांना घालीन. बुंध्याशी उसाचं पाचट अंथरायचं, ते माहेरहून येईल. गुलमोहराचा बुंधा अजून तिथंच पडून आहे, यजमानांना हलवू वाटत नाही. रविवारी माणूस बोलावलाय, तो उचलला की त्याच जागी बहाव्याचा खड्डा.

उत्तर १
त्याच जागी घेणार असाल तर जुनी मुळं खणून पूर्ण काढून टाका, ताई.