एलएसडी, बाजरीचा अरगट आणि शाळेच्या ग्रुपवरचा मेसेज: खरं किती, खोटं किती?

बोरीकाठची (अमळनेर)

राम राम मंडळी. पालकांच्या ग्रुपवर दोन दिवसांपासून एक लांबलचक मेसेज फिरतोय. शाळेबाहेर पोरांना फुकट स्टिकर वाटतात म्हणे, त्याला एलएसडी, म्हणजे भास घडवणारं नशेचं रसायन, लावलेलं असतं, हातावर चिकटवलं की चामडीतून आत जातं. एकदा अंगात गेलं की मणक्यात साठून राहतं. सात वेळा घेतलं की माणूस ठार वेडा. आणि शेवटी कळस: हे औषध बाजरीवरच्या काळ्या बुरशीपासून, म्हणजे अरगटापासून बनतं, तेव्हा यंदा बाजरी खाऊ नका!

इथे अर्ध्या डब्यांत बाजरीची भाकरी असते, त्यामुळे आया घाबरल्यात. दुसरीकडे अकरावी-बारावीची पोरं मोबाईलवर नेमकं उलटं वाचतात, की याने कोणी मरत नाही, सवयही लागत नाही. 'सगळं खोटं' एवढ्यावर भागणार नाही. जाणकारांनी नीट सांगावं.

खलबत्ता (जळगाव)

ताई, स्टिकरची अफवा अमेरिकेतली आहे, १९८० च्या सुमाराची. तिकडे झेरॉक्सवर फिरायची, आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर आली. तिला मूळ मात्र आहे. एलएसडी खरोखरच टिपकागदावर विकतात. पोस्टाच्या तिकिटांसारखी भोकं पाडलेला कागद, त्यावर कार्टून छापलेलं, एकेक चौकोन नखाएवढा. कार्टून दिसलं म्हणजे माल पोरांसाठीच, असा तर्क कोणीतरी लढवला. तो कागद जिभेवर ठेवतात, हातावर चिकटवत नाहीत. कोरड्या कातडीतून ते जवळपास आत जातच नाही. शिवाय हा पदार्थ नाजूक, ऊन, उष्णता आणि क्लोरीन या तिन्हींनी खराब होतो.

आता प्रमाण बघा, कारण बाकीचं बरंच त्यावरून उलगडतं. नेहमीची मात्रा १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका ग्रॅमचा दहा हजारावा भाग. बारीक मिठाचा एक कण साधारण ६० मायक्रोग्रॅमचा असतो. म्हणून 'त्यात उंदराचं औषध मिसळतात' हेही टिकत नाही. स्ट्रिक्नीन, म्हणजे तेच उंदराचं विष, जिवावर बेतेल इतकं त्या चिटोऱ्यावर मावणारच नाही.

पण खरी गोम याच आकड्यात आहे. इतकं थोडं मोजायला प्रयोगशाळेतला काटा लागतो, आणि तो विकणाऱ्याकडे नसतो. एकाच कागदाच्या दोन चौकोनांत फरक पडतो. त्याहून वाईट म्हणजे कागदावर बरेचदा एलएसडी नसतंच. एन-बोम नावाचं दुसरंच रसायन असतं, तेही मायक्रोग्रॅममध्ये काम करतं, म्हणून कागदावर बसतं. त्याने झटके येतात, ताप भडकतो, माणसं दगावलेली आहेत. एलएसडीला जवळपास चव नसते, एन-बोम कडू लागतं आणि जीभ बधिर करतं. पण जिभेला कळेपर्यंत ते आत गेलेलं असतं, तेव्हा याला चाचणी समजू नका.

मणक्यात साठतं ही शुद्ध थाप. रक्तातलं प्रमाण दर तीनेक तासांनी निम्मं होतं, यकृत त्याचे तुकडे करतं, लघवीत दोन-चार दिवस खुणा सापडतात. अंमल मात्र ८ ते १२ तास. काहींना नंतर महिनोन्महिने हलत्या वस्तूमागे शेपूट दिसते, भिंतीवर रंगांचे ठिपके दिसतात. हा मेंदूच्या दृष्टीच्या कामातला बिघाड आहे. औषध शिल्लक राहिल्याची ती खूण नव्हे.

'सात वेळा' हा आकडा ना वैद्यकात आहे ना कायद्यात. ज्याच्या घरात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर या मानसिक आजारांचा इतिहास आहे त्याला एकदाही पुरतं. आजार सुप्त असतो, त्याला तोंड फुटतं. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं हेच सोडलंय.

बारावीवाल्या पोरांचं निम्मं बरोबर आहे. दारू किंवा अफूसारखी शारीरिक सवय लागत नाही. लागोपाठ तीन-चार दिवस घेतलं तर अंमलच चढेनासा होतो. गुणसूत्रं मोडतात हा बोभाटा १९६७ च्या एका निबंधाने झाला, १९७१ च्या आढाव्यात तो टिकला नाही. पण 'कोणी मरत नाही' असं छातीठोक सांगू नये. १९७२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आठ जणांनी कोकेन समजून एलएसडीची पूड नाकात ओढली. ओकाऱ्या, ताप, काही बेशुद्ध, काहींचा श्वास थांबला. आठही वाचले, पण दवाखान्यात वेळेवर पोचले म्हणून. आणि ज्याला मानसिक आजारासाठी लिथियम चालू आहे त्याला याने झटके येऊ शकतात. ही एक ओळ ग्रुपवर टाकली तरी पुष्कळ.

कोणी घाबरून बडबडतंय असं आढळलं तर शांत खोली, मंद उजेड, ओळखीचं एकच माणूस जवळ. गच्ची आणि विहिरीपासून लांब ठेवायचं, एकटं सोडायचं नाही. ताक, लिंबू, दूध यांनी उतार पडत नाही. ताप, झटका, बेशुद्धी किंवा छातीत दुखणं दिसलं तर १०८. डॉक्टरांना काय घेतलं ते खरं सांगायचं.

बांधावरचा (शिंदखेडा)

बाजरीचं मी सांगतो, कारण या अफवेत बिचारी बाजरी फुकटची बदनाम होतेय.

अल्बर्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या सँडोझ कंपनीत १६ नोव्हेंबर १९३८ रोजी एलएसडी पहिल्यांदा तयार केलं. तिथे अरगटमधल्या द्रव्यांवर काम चालू होतं. पण तो अरगट 'राय' नावाच्या युरोपातल्या धान्यावरचा, बुरशी क्लॅव्हिसेप्स पर्पुरिया. आणि त्या बुरशीतसुद्धा तयार एलएसडी नसतं, तिच्यातल्या आम्लापासून ते प्रयोगशाळेत बनवावं लागतं. आपल्या बाजरीवर येते ती क्लॅव्हिसेप्स फ्युसिफॉर्मिस. गोत एक, घर वेगळं. तिच्यातली द्रव्यं क्लॅव्हिन गटातली, अॅग्रोक्लॅव्हिन वगैरे. त्याने नशा नाही, विषबाधा होते: मळमळ, ओकाऱ्या, गरगरणं, सुस्ती. १९७५ मध्ये राजस्थानात अशी बाधा झाली होती. रायच्या अरगटाने बोटं काळी पडून झडतात, तसं बाजरीच्या अरगटाने होत नाही.

ओळखायचं कसं? फुलोऱ्यात ढगाळ हवा आणि झिमझिम असली की कणसावर गुलाबीसर, मधासारखे चिकट थेंब दिसतात, मुंग्या-माशा जमतात. पुढे दाण्याच्या जागी काळपट, टणक, टोकदार गाठ येते, दाण्यापेक्षा लांब, तुसातून बाहेर डोकावणारी.

काढायची रीत सोपी आहे. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ पूर्ण विरघळवा. बाजरी ओतून हाताने ढवळा आणि थांबा. गाठी आणि पोचट दाणे वर येतात, ते गाळणीने काढा. तळाची बाजरी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवा. बियाणं सावलीत वाळवायचं, खायची बाजरी उन्हात कडकडीत.

चुका नेहमीच्याच. मीठ कमी पडलं की गाठी तरंगत नाहीत आणि माणूस म्हणतो, बाजरी स्वच्छ आहे. बियाणं नीट धुतलं नाही तर मिठाने उगवण मार खाते. आणि दळून आणल्यावर काहीच करता येत नाही, पिठातून गाठ वेगळी निघत नाही. वर आलेला कचरा उकिरड्यावर किंवा ढोरांपुढे टाकू नका, जाळा.

बोरीकाठची (अमळनेर)

फार उपकार झाले. दोन गोष्टी राहिल्या. कायदा काय म्हणतो? आणि पोरं म्हणतात, धोतरा तर बांधावर उगवतो, महादेवाला वाहतात, मग तो 'नैसर्गिक एलएसडी' का नाही?

कोर्टाची पायरी (धुळे)

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा, १९८५. एलएसडीचं अल्प प्रमाण २ मिलिग्रॅम, व्यापारी प्रमाण १०० मिलिग्रॅम. अल्पला एक वर्षापर्यंत, मधल्याला दहा वर्षांपर्यंत, व्यापारी प्रमाणाला १० ते २० वर्षं सक्तमजुरी. आता मेख बघा: २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मिश्रणाचं पूर्ण वजन धरायचं. त्या चौकोनाच्या कागदाचं वजन धरायचं की नाही, यावर कोर्टात वाद झालेत. नुसतं रसायन धरलं तर २ मिलिग्रॅम म्हणजे २० चौकोन. कागदासकट धरलं तर एकेक चौकोन अंदाजे १० मिलिग्रॅमचा, म्हणजे दहा चौकोनांत व्यापारी प्रमाण. 'मित्राने ठेवायला दिलं' म्हणणाऱ्या पोराला हा हिशोब माहीत नसतो.

पोराला असं काही देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. व्यसन असलेला स्वतःहून उपचाराला गेला तर कलम ६४ अ खाली त्याला संरक्षण मिळू शकतं. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६.

खलबत्ता (जळगाव)

धोतऱ्याचा एलएसडीशी काडीचा संबंध नाही. त्यात अॅट्रोपिन आणि स्कोपोलॅमिन ही वेगळीच विषं असतात. एलएसडीत माणसाला बहुतेकदा भान असतं की हे औषधाने होतंय. धोतऱ्यात ते उरत नाही, नसलेल्या माणसाशी तो गप्पा मारतो, अंगावरचे कपडे चिमटत बसतो. बुबुळं मोठी, तोंड कोरडं, अंग लाल आणि तापलेलं, लघवी अडलेली. दोन-दोन दिवस चालतं आणि जीवही जातो. एका बोंडातल्या बियांचा जोर दुसऱ्याशी जुळत नाही, म्हणून 'थोडंसं' असं माप इथे नसतंच. ओकारी काढायला लावू नका, सरळ दवाखाना, आणि बोंड किंवा बी सोबत न्या. मिरचीच्या बीशी गल्लत होते: मिरचीची पिवळट, पातळ आणि तिखट, धोतऱ्याची तपकिरी, जाड, मूत्रपिंडाच्या आकाराची.

बोरीकाठची (अमळनेर)

बांधावरचे भाऊ, घरी पाच किलो बाजरी आहे, पाणी किती घेऊ? खडेमीठ चालेल का?

बांधावरचा (शिंदखेडा)

चालेल, फक्त वजन करून घ्या, मुठीने नको. पाच किलोला १० लिटर पुरे. आधी पाण्यात कच्चा बटाटा टाकून बघा, तळाशी गेला तर मीठ कमी आहे.