मदत हवी आहे: जिवाणूंच्या जीनोम सिक्वेन्सिंगचं हाताने करून शिकवणारं प्रशिक्षण

नमस्कार मंडळी,
मी कोल्हापूरकडच्या एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते. प्लेट, स्ट्रीकिंग, ग्राम स्टेनिंग यात आयुष्य गेलं, काळ्या स्क्रीनवर कमांड टाईप करायची मात्र अजून धडकी भरते.

मागे चार दिवसांची कार्यशाळा केली. आयोजकांनी आधीच साफ केलेला डेटा दिला, कमांड कॉपी-पेस्ट केल्या, सर्टिफिकेट मिळालं. घरी येऊन क्लेबसिएला न्यूमोनी या जिवाणूचा स्वतःचा इल्युमिना डेटा (सिक्वेन्सिंग मशीनने वाचलेले डीएनएचे छोटे तुकडे, म्हणजे रीड्स) स्पेड्स या तुकडे जोडणाऱ्या सॉफ्टवेअरला दिला, तर असेंब्ली (जोडून तयार झालेला जीनोम) निघाली ८३ लाख बेसची, म्हणजे डीएनएच्या अक्षरांची! या जिवाणूचा जीनोम साधारण ५५ लाखांच्या आसपास असतो, जीसी (डीएनएतल्या G आणि C या अक्षरांचं प्रमाण) ५७ टक्के. माझ्याकडे जीसीच्या आलेखात दोन उंचवटे दिसतात, दुसरा ३३ टक्क्यांजवळ, आणि त्या काँटिग्जचं (जोडून झालेल्या लांब तुकड्यांचं) कव्हरेजही (प्रत्येक जागा किती वेळा वाचली गेली ते) बरंच कमी. स्टॅफिलोकोकस हा दुसराच जिवाणू घुसला असावा असा संशय आहे. (प्लेटवर कॉलनी अगदी शुद्ध दिसत होती हो!)

क्रॅकेन २ (कुठला रीड कुठल्या जिवाणूचा ते ओळखणारं सॉफ्टवेअर) वापरून रीड्स वेगळे करून पुन्हा असेंब्ली करावी, की सरळ नव्याने एकच कॉलनी उचलून डीएनए काढावा? माझा कल दुसऱ्याकडे आहे, पण पुन्हा सिक्वेन्सिंगचा खर्च आला.

आणि मूळ प्रश्न: डीएनए काढणं, लायब्ररी बनवणं (डीएनए सिक्वेन्सिंगसाठी तयार करणं), मिनआयन या छोट्या सिक्वेन्सिंग मशीनवर रन लावणं, मग असेंब्ली आणि प्रतिजैविक-रोधक जनुकं शोधणं, हे सगळं आपल्याच नमुन्यावर करू देणारं प्रशिक्षण पुणे-मुंबईकडे कुणी स्वतः केलंय का? फी, दिवस आणि शिकवणारे अडलेल्या माणसाजवळ थांबतात का, एवढं सांगा.