मदत हवी आहे: पैसे माझ्याकडून गेले, विक्रेत्याला मिळाले नाहीत

एकांकडून कॅमेऱ्याची वापरलेली लेन्स घेतोय. माझ्या खात्यातून पैसे वजा झाले, व्यवहार ‘यशस्वी’ दिसतोय, पण त्यांच्याकडे जमा काहीच नाही. स्क्रीनशॉट पाठवला, तर म्हणाले, असा कुणीही बनवू शकतो. (खरंच आहे म्हणा.) म्हणून व्यवहाराचा संदर्भ क्रमांकही दिला. त्यांची बँक माझ्या बँकेकडे बोट दाखवते, माझी बँक म्हणते, आमच्याकडून रक्कम गेली. मधेच पेमेंट गेटवेकडे अडकली असेल का? की पडताळणी अपुरी म्हणून त्यांच्या खात्यावर रोखून ठेवली असेल? ते पुन्हा पैसे भरा म्हणताहेत. पहिल्या पैशांचा पत्ता लागेपर्यंत मला ते पटत नाही. लेखी तक्रार आधी कुणाकडे करू? रक्कम नेमकी कुठे जमा झाली, हे बँक लिहून देते का?