मदत हवी आहे: 'पोरीसारखा रडू नको' यावर मुलांशी बोलायचं कसं?

नमस्कार मंडळी. नागपुरात सीताबर्डीजवळच्या आमच्या वस्तीत रविवारी आठवी-नववीची पोट्टे-पोट्ट्या जमतात. येत्या खेपेचा विषय: मुलानं कसं वागायचं आणि मुलीनं कसं, हे ठरवतं कोण?

रंगांचं उदाहरण आहे. १९१८ साली अमेरिकेतल्या एका व्यापारी मासिकानं गुलाबी मुलग्यांना आणि निळा मुलींना शोभतो असं लिहिलं होतं. आज इतवारीच्या बाजारात झबलं घेताना असं बोलून बघा! दुसरं आपल्या घरचं. जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित महिलांची परिषद भरली, बाबासाहेब तिथे बोलले. बायकांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्व बंद करा म्हटलं.

अडचण पुढं आहे. मैदानात पोरी का दिसत नाहीत विचारलं, की पोरं म्हणतात, "त्यांना आवडतच नाही." पोरीही माना डोलावतात! ही आवड आपली की लावलेली, हे भाषण न ठोकता कसं काढावं? एखादा खेळ, नाटुकलं सुचवाल का?

तृतीयपंथीयांना ओळखीचा हक्क देणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकालही सांगायचा आहे. पालक बिचकणार, हे नक्की. कुणी शाळेत हा विषय घेतलाय का? सुरुवात कुठून केली?